दाट तीर्थाची पळी

या मित्रांनो, असे पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात तरी चालेल, पण मग कीर्तनात मागे बसणाऱ्याचं जे होतं तेच तुमचं होईल. निरूपण रंगात येतं तेव्हाच त्याला डुलकी लागते. आज मी तुम्हांला एका घोटाची गोष्ट सांगणार आहे. तो एक घोट खाली उतरेपर्यंत भरलेला मांडव श्वास रोखून बसला होता. त्या घोटाच्या सगळ्यांत जवळ, अगदी ओठांशी, मी होते.

मी एक जुनी पळी आहे. देवाचं तीर्थ द्यायची, तांब्याची. मराठवाड्यातल्या एका तांबटाने मला पत्र्यातून ठोकून काढलं. वाटी एवढीशी खोलगट केली आणि दांड्याच्या टोकाला नागाचा फणा काढला. फणा जरा वाकडा झाला म्हणून मी बरेच दिवस दुकानात पडून होते. मग रखमाबाई नावाच्या बाईंनी मला उचललं आणि म्हणाल्या, "वाकडा कुठं हाय? मान कलवून कीर्तन ऐकतोय तो." तेव्हापासून मी त्यांच्या देवघरात राहिले.

रखमाबाईंचा मुलगा नागोराव तारापूरच्या कारखान्यांत कामाला लागला, तेव्हा सून साखरबाई मला लुगड्यात गुंडाळून बोईसरला घेऊन आली. पाम गावाजवळ त्यांनी एक खोली घेतली. आजूबाजूला सगळे आपापला मुलूख सोडून आलेले कामगार. दिवसभर यंत्रांचा घरघराट आणि कानांवर हिंदी. संध्याकाळी मात्र या माणसांना टाळ हवासा व्हायचा. मग त्यांनी आपल्या हातांनी विठ्ठलाचं देऊळ उभारलं. पत्रे एका मोडलेल्या शेडचे होते. घंटा म्हणून लोखंडी पट्टी टांगली होती. ती वाजली की आरती सोडून एखादा दचकून विचारी, "पाळी बदलली काय?"

त्या देवळात नागोराव टाळ धरायचे, आणि कीर्तन संपलं की माझ्याने तीर्थ द्यायचे. मुरब्याच्या कोळणी टोपल्या बाहेर ठेवून यायच्या, घिवलीची मंडळी यायची, डोंगराकडच्या पाड्यांवरून कामाला आलेली माणसं यायची. सगळ्यांचे तळहात सारखेच खोलगट व्हायचे आणि मी सगळ्यांत सारखंच पाणी सोडायचे. "नागोरावांच्या पळीचं तीर्थ घेतलं की दिवस गोड जातो," असं लोक म्हणायचे. मित्रांनो, अशी स्तुती ऐकून तांबंही चकाकतं.

पुढे शहात्तर सालाच्या सुमारास रखमाबाई मुलाकडे राहायला आल्या, आणि त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. एक बाजू लुळी पडली, बोलणं गेलं. पाणी पाजलं की त्यांना ठसका लागायचा, डोळे पांढरे व्हायचे. चार जाणत्या बायका बसून गेल्या आणि म्हणाल्या, "म्हातारीचं अन्नपाणी सुटलं आता. देवाचं तीर्थ तेवढं देत राहा." साखरबाईने ऐकलं. सासूवर तिची माया होती. आडव्या पडलेल्या म्हातारीच्या तोंडात ती दिवसातून कितीदा तरी तीर्थ सोडायची. रखमाबाईंची नजर मात्र शेजारच्या ताटाकडे जायची. ज्याचं अन्न सुटलं त्याची नजर ताटाकडे कशाला जाईल? पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. छाती कफाने भरली, ताप चढला, आणि महिना उलटायच्या आत रखमाबाई गेल्या.

आता मुख्य गोष्ट ऐका.

एकोणनव्वद सालच्या मार्गशीर्षात, देवळाचा सप्ताह तोंडावर आला असताना, नागोरावांनाच तसा झटका आला. त्यांना पालघरच्या एका धर्मादाय दवाखान्यात नेलं. उजवा हात गेला, जीभ जड झाली. डॉक्टरांनी नाकातून पोटात नळी घातली आणि तिच्यातून दूध द्यायला सांगितलं.

आपल्याकडची रीत तुम्हांला ठाऊक आहे. आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हाताने कोणी जात नाही. बिस्किटं नळीतून जात नाहीत, म्हणून सगळ्यांनी ठरवलं, तीर्थ न्यायचं. नागोरावांचे जिवलग मित्र नामदेव गडूभर तीर्थ आणि मला घेऊन दवाखान्यात हजर झाले. पाळी सुटली की कामगारांची रांग लागायची. जो येई तो मला उचली, गडूत बुडवी आणि निजलेल्या नागोरावांच्या तोंडात ओती. नागोराव खोकून खोकून जांभळे पडायचे. "देवाचं नाव घ्या, उतरंल खाली," असं म्हणत पुढचा माणूस पुढे व्हायचा.

साखरबाई कोपऱ्यात उभी राहून पदराने कान झाकायची. हा ठसका तिने आधी ऐकला होता.

गुरुवारी नामदेवांनी मला भरून उचललं, एवढ्यात कोणीतरी त्यांचं मनगट धरलं.

"थांबा दादा. तसं नका पाजू."

पांढरा कोट, खांद्याला कापडी पिशवी. या हेमलता चुरी. केळव्याच्या या मुलीने मुंबईला जाऊन वाचा-उपचाराचं शिक्षण घेतलं होतं आणि दर गुरुवारी ती या दवाखान्यात यायची. ज्यांची वाचा गेली त्यांना ती पुन्हा बोलतं करायची, म्हणून वॉर्डातली माणसं तिला 'बोलायची बाई' म्हणत.

नामदेव तापले. "काय ओ बाई! तीर्थ हाय हे. हातभट्टी न्हाय."

"तीर्थ आहे म्हणूनच म्हणते. ते पोटात जायला हवं ना? तुम्ही छातीत ओतताय."

नामदेवांचा हात खाली आला. हेमलताताईंनी स्टूल ओढलं आणि त्यांनाच प्रश्न घातला.

"भजनात पेटी पुढं पळाली आणि टाळ मागं राहिला, तर काय होतं?"

"कोसळतंय की सगळं."

"गळ्याचंही तसंच आहे. श्वासाची वाट आणि घासाची वाट अगदी शेजारी शेजारी. घास आला की श्वासाच्या वाटेचं दार मिटतं. नागोरावदादांचं ते दार आता उशिरा मिटतंय. पाणी पळत येतं, दार उघडंच सापडतं. दाट पेज सावकाश उतरते, तिच्याबरोबर दाराला लय धरता येते. झोपून प्यायलं तर पाणी आणखीच पळतं."

साखरबाई कोपऱ्यातून पुढे आली. "म्हंजे ताई... आमच्या सासूबाईंचं बी..."

ताईंनी साखरबाईचा हात हातात घेतला. मग उठल्या आणि थेट डॉक्टरांकडे गेल्या. साखरबाई मला मुठीत धरून मागे निघाली, म्हणून पुढचं सारं मला ऐकता आलं.

डॉक्टर वाईट नव्हते, कामाने वाकलेले होते. म्हणाले, "बाई, तुमचं काम बोलण्याचं. खाण्यात कशाला पडता?"

"ज्या गळ्याने माणूस बोलतो त्याच गळ्याने गिळतो, डॉक्टर."

"नळी आहे ना! या लोकांना घरी एवढं सांभाळणं जमत नाही. नळी कायम राहू द्या, सगळ्यांनाच सोपं."

"नळी आज काढा असं मी म्हणतच नाही. आज पोट तिच्यातूनच भरू. पण तिची जन्मठेप देण्याआधी हा गळा कितपत चालतो ते पाहायला हवं. आणि ज्याचा गळा आहे त्याला अजून कोणी विचारलेलंच नाही."

डॉक्टर थोडे हसले आणि खाटेपाशी आले. ताई नागोरावांच्या डोळ्यांसमोर वाकून म्हणाल्या, "दादा, तोंडाने जेवायचंय? मेहनत पडेल. चुकलं तर धोकाही आहे."

नागोरावांनी डावा हात उचलला आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर भजनाचा ठेका वाजवला. ठेका चुकला नाही. शेवटच्या ठोक्याला हात उठला आणि बोट तोंडाकडे गेलं.

डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे. उद्या घरी न्या, नळीसकट. पुढच्या गुरुवारी छाती तपासीन. ताप आला, कफ वाढला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"मान्य. आणि छाती स्वच्छ निघाली, तर नळी तुमच्या हाताने काढायची."

ताईंनी वॉर्डातला चमचा घेतला आणि ठेवून दिला. "हा फार पसरट. घास मोठा होतो." मग त्यांची नजर साखरबाईच्या मुठीकडे गेली. "वहिनी, ती पळी बघू. एवढुशी वाटी! हीच हवी मला."

मित्रांनो, जिला ओढून घ्यायला त्या आल्या होत्या, तिलाच त्यांनी कामावर घेतलं! साखरबाई भानावर आली. म्हणाली, "पेजेत ताक-मीठ असंल, तर तांबं चालायचं न्हाय. कल्हई लावून आणते." पालघरच्या बाजारात कल्हईवाल्याने मला निखाऱ्यावर धरलं, आणि मी चांदीसारखी होऊन परत आले.

त्या दुपारी नागोरावांना उशा लावून ताठ बसवलं. तोंड स्वच्छ केलं. हनुवटी जराशी खाली. अर्धी पळी नाचणीची दाट पेज. ताईंनी कंठमण्यावर दोन बोटं ठेवली. "गिळा... पुन्हा एकदा, रिकामंच गिळा. आता 'आ' म्हणा." आवाज कोरडा आला. "छान! वहिनी, हे कानात साठवून ठेवा. आवाज पाण्यात बुडाल्यासारखा आला, तर तिथंच थांबायचं. जेवण झालं तरी लगेच आडवं करायचं नाही."

पेज गळ्याला जमत होती. खरी कसोटी घरी होती. सप्ताह सुरू झाला, गावोगावची माणसं आली, आणि सगळी भेटायला. नामदेव ओट्यावर राखणीला बसले. कामगारांना ते दरडावून परत पाठवत, पण म्हाताऱ्या माणसांपुढे त्यांची जीभ चालेना. शेजारच्या इंदुबाई देवळातला तांब्या घेऊन आल्या, तेव्हा साखरबाई दारात आडवी उभी राहिली.

"तीर्थाला आडवी येतीस, साखरे? नवऱ्याची बायको हायेस का वैरीण?"

"पाया पडते इंदुबाई, पातळ काही पाजू नका."

"सासूला तर पाजत होतीस की!"

साखरबाईचा चेहरा उतरला. तरी ती दारातून हलली नाही. पण त्या बोलण्याने तिचं काळीज असं फाटलं, की संध्याकाळी तिने नामदेवांना सांगितलं, "भावजी, ताईंना निरोप धाडा. माझ्याच्यानं एकलीनं होत न्हाय. गुरुवारपर्यंत कोन ना कोन पाजंलच."

रविवारी हेमलताताई एस.टी.ने आल्या. घरोघर फिरून समजावत बसल्या नाहीत. त्या सरळ देवळात कीर्तनकार चंद्रभान बुवांकडे गेल्या.

बुवा म्हणाले, "बाई, कीर्तनात दवाखाना कसा आणू?"

"दवाखाना नको, बुवा. घास आणा. एक करा, गिळता गिळता एक शब्द बोलून दाखवा."

बुवांनी आवंढा गिळला. ओठ हलले, शब्द निघेना. पुन्हा प्रयत्न केला. मग डोळे विस्फारून म्हणाले, "अहो, गिळताना श्वासच थांबतो की!"

"तेच सांगा."

काय सांगू तुम्हांला त्या संध्याकाळचं कीर्तन! ताईंनी मला साखरबाईकडून मागून आणलं होतं, मी देवापुढच्या तबकात होते. पूर्वरंग झाला, पेटीने सूर धरला, आणि बुवांनी एकदम हात वर केला. "मंडळी, सगळ्यांनी गळ्यावर बोट ठेवा. गिळा! काय झालं?"

सगळा मांडव गळ्याला हात लावून बसलेला. एक पोरगं ओरडलं, "उडी मारली!"

"उडी मारली! ती उडी म्हणजे दार मिटल्याची खूण. जन्मल्यापासून देवाने तिथं एक राखणदार बसवलाय. घास आला की तो श्वासाची वाट झाकतो. तुम्ही आम्ही त्याला कधी रामराम तरी केला? आपल्या नागोरावाचा राखणदार जरा सावकाश झालाय. मग त्याला सवड द्यायची, का गर्दी करून तुडवायचा?"

"सवड द्यायची!" मांडव गरजला.

इंदुबाई मात्र उठून उभ्या राहिल्या. "बुवा, मंग मानसाला तीर्थ द्यायचंच न्हाय का?"

बुवांनी ताईंकडे पाहिलं. ताई जागेवरूनच म्हणाल्या, "द्यायचंच. तीर्थातच नाचणीचं सत्त्व शिजवा. दाट करून, बसवून, या पळीने द्या. नागोरावदादांना तीर्थापासून तोडायला मी आलेली नाही."

बुवा हसले. "तीर्थ पातळच पाहिजे, असं देव मला तरी कधी बोलला नाही. तुम्हांला बोलला काय, इंदुबाई?"

इतका हशा पिकला की इंदुबाईही पदर तोंडाला लावून खाली बसल्या. हसू ओसरलं, तशी खांबामागून डोंगराकडची एक बाई पुढे आली. ही कमळी. साखरबाईला नाचणी हीच आणून द्यायची.

"बाय, आमचे पाड्यावर देवू म्हातारा हाय. तो पन पानी पितां खोकते. आमी म्हनलो, भूताचा हाय. तुमी येशाल काय?"

"येईन, कमळी. तोवर त्यांना बसवून पाजा. झोपवून नाही."

दुसऱ्या दिवसापासून तांब्या घेऊन कोणी आलं नाही. आल्या त्या इंदुबाई, हातात नाचणीचं सत्त्व घेऊन. दाराशीच म्हणाल्या, "वस्त्रगाळ केलंय. एक गुठळी निघाली तर नाव बदलीन." साखरबाईने त्यांना आत घेतलं. दोघी चुलीपाशी बसल्या. झाल्या बोलण्याचा विषय कोणीच काढला नाही.

गुरुवारी डॉक्टरांनी छातीला नळकांडं लावलं. पुढून ऐकलं, पाठीकडून ऐकलं. नागोरावांना ताई पेज भरवत होत्या तेही शेवटपर्यंत उभं राहून पाहिलं. साखरबाईने मला इतकं घट्ट धरलं होतं की फण्याचा वण तिच्या तळव्यावर उमटला. "छाती स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले आणि हातमोजे चढवून त्यांनी नाकातली नळी सावकाश ओढून काढली. "चुरीबाई, यापुढे असा रुग्ण आला की आधी तुम्हांला दाखवीन."

"लिहूनच ठेवा डॉक्टर, म्हणजे मी नसले तरी चालेल," ताई लगेच म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी काल्याचं कीर्तन. नागोरावांना नामदेवांनी खुर्चीसकट उचलून पहिल्या रांगेत आणून बसवलं. कीर्तन झालं, दहीहंडी फुटली, काला वाटायची वेळ झाली. बुवा म्हणाले, "आज पहिलं तीर्थ नागोरावाला."

इंदुबाईंनी वाटी पुढे केली. साखरबाईने मला त्या दाट तीर्थात बुडवलं आणि अर्धी भरून उचललं. नागोरावांनी हनुवटी खाली घेतली. मी त्यांच्या ओठांशी गेले, जिभेवर टेकले आणि रिकामी झाले.

टाळकऱ्यांनी टाळ पोटाशी आवळून धरले होते. चुरमुऱ्याची पिशवी चाळवणाऱ्या पोराला त्याच्या आईने चिमटा काढला. साखरबाईचे डोळे मिटलेले. तिला काय ऐकू येईल याची भीती वाटत होती, ते मला ठाऊक होतं. नागोरावांचा कंठमणी थरथरला, अडला, आणि वर उडाला. मग त्यांनी पुन्हा एकदा रिकामंच गिळलं.

"दादा, आवाज द्या," ताई हलकेच म्हणाल्या.

पेटीवाल्याने काय ओळखलं कोण जाणे, त्याने नागोरावांचा नेहमीचा सूर दाबून धरला. नागोरावांनी तोंड उघडलं. बोलणं तुटकं होतं, जीभ अडखळत होती, पण सूर कोरडा आणि स्वच्छ होता.

"वि...ठ्ठ...ल."

पुढचा गजर मांडवाने पुरा केला. नामदेव लहान मुलासारखे रडत होते आणि टाळ वाजवत होते. साखरबाईने डोळे उघडले, पण ती विठ्ठलाकडे वळली नाही. आधी तिने मला कपाळाला लावलं.

त्यानंतर नागोराव कितीतरी वर्षं जगले. देवळाच्या पंगतीत त्यांचं ताट ठरलेलं होतं. त्यांचं जेवण सावकाश चालायचं, आणि त्यांनी शेवटचा घास घेतल्याशिवाय पंगत उठायची नाही. नवखा कोणी चुळबुळ करू लागला की नामदेव म्हणायचे, "बस की! तुझा राखणदार लय तरणा हाय, सगळ्यांचा नसतो." ताई कमळीबरोबर पाड्यावर जाऊन देवू म्हाताऱ्याला भेटल्या, आणि तिथून पुढच्या पाड्यावरही गेल्या. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात दाट पेजेचं वेगळं पातेलं चढू लागलं. ज्यांच्याकडून ते होत नव्हतं, त्यांच्याशी ताई गोड बोलून भांडल्या आणि ते करून घेतलं.

आता नागोराव नाहीत. माझी कल्हई उडाली आहे, आतून तांबं डोकावतं. घरात स्टीलचे चमचे आले, देवळात तीर्थाला नवी चांदीची पळी आली. मी कोनाड्यात असते. महिन्याकाठी साखरबाई मला चिंचेने घासते आणि फण्यावरून बोट फिरवते. एवढ्यात माझं भागतं.

मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारात कोणी जेवताना वरचेवर ठसकत असेल, घोट घ्यायला घाबरत असेल, तर त्याचं अन्न सुटलं असं म्हणून उठू नका. त्याला ताठ बसवा. त्याच्यासाठी जाणत्या माणसाला बोलावून आणा. त्याला बोलता येत नसेल, तर त्याच्या वतीने तुम्ही बोला. आणि त्याची नजर कुठे जाते ते नीट पाहा.

नागोरावांची आठवण तुम्ही न सांगताही ठेवाल. त्यांच्या नावाचा गजर झाला आहे. माझं मागणं त्यांच्या आईसाठी आहे. वाकड्या फण्याची पळी हौसेने घेणारी, आणि शेवटी भरल्या ताटाकडे बघत गेलेली ती म्हातारी. तिच्या वेळी मनगट धरायला कोणी आलं नव्हतं. पुढचा घास उचलाल तेव्हा क्षणभर थांबा, आणि रखमाबाईंची आठवण ठेवा.